बर्फातून आलेली गाठ

माझ्या नाकाला वास येत नाही, हे आधीच सांगून टाकते. अगदीच येत नाही असं नाही. दूध करपलं तर कळतं, शेजारी फोडणी पडली तर कळतं. पण समोरची सुरमई आजची की परवाची, हे मला सांगता येत नाही. रत्नागिरीत राहून, दोन्ही वेळा मासे खाऊन हे कबूल करताना बाईमाणसाला लाज वाटायला हवी, आणि ती वाटतेही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासूबाईंनी मला मासळी बाजारातून बडतर्फ केलं. तेव्हापासून आमच्या घरी मासे आमचे मिस्टर आणतात. ते शाळामास्तर; कोळणींपुढे त्यांचीच शाळा भरते, पण निदान मासे ताजे येतात.

माझ्या नाकाची वाट नोकरीने लावली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅब म्हटलं की लोकांना रक्त आणि लघवीची खिडकी आठवते. मी त्या खिडकीवर नव्हते. माझी खोली मागच्या अंगाला, कोणाला दिसणार नाही अशी. तिथे ऑपरेशनात काढलेले माणसांचे तुकडे यायचे. अपेंडिक्स, पित्ताशय, गर्भाशय, नाना तऱ्हेच्या गाठी. सगळे फॉर्मालीनच्या बरणीत बुडलेले. शरीरातून बाहेर पडलेला तुकडा लगेच स्वतःलाच पचवायला लागतो, आणि फॉर्मालीन त्याला सांगतं, आहेस तसा थांब. त्या पाण्याचा वास असा की नवा माणूस दारातूनच डोळे पुसत परत जायचा. मी गेले नाही, म्हणून नाक गेलं.

पुढचं काम सांगायला सोपं आहे. डॉक्टर तुकड्यातले हवे ते भाग कापून देतात. मी त्यांच्यातलं पाणी अल्कोहोलने काढून टाकायचे आणि वितळलेल्या मेणात घालून त्यांच्या वड्या पाडायचे. या वड्यांना ब्लॉक म्हणतात. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर ब्लॉकचे काप काढायचे, इतके पातळ की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. काप कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर अलगद उचलायचा, रंगवायचा आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. एकदा मी ऐन वेळी शिंकले आणि एका बागायतदारांचं अपेंडिक्स उडून पंख्याच्या पात्याला चिकटलं. ब्लॉक शाबूत होता, दुसरा काप काढला. ते गृहस्थ अजून ठणठणीत आहेत आणि रस्त्यात भेटले की मी उगाचच नमस्कार करते.

ते मला ओळखत नाहीत. ओळखणार कसे? रिपोर्टवर सही डॉक्टरांची. मला या जिल्ह्यातली कितीतरी माणसं आतून माहीत होती आणि बाहेरून मोजून एखादंच. एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं पित्ताशय मी कापलेलं असू शकतं, या विचाराने मी प्रवासात नेहमी जास्तच अदबीने वागत आले.

खिडकी चुकवून थेट माझ्या खोलीपर्यंत येणारी गिऱ्हाइकं मोजकीच, पण एकेक नग. एक काकू पित्ताशयातले खडे परत मागायला आल्या होत्या. मुंबईच्या जावेला दाखवायचे होते, कारण जावेचे खडे म्हणे लहान होते. शिरगावचे एक आंबेवाले आजोबा चिरलेला हापूस घेऊन आले. वरून केशरी, देखणा, आणि आत कोयीजवळ पांढरा फटक. आमच्याकडे त्याला साका म्हणतात. आजोबा म्हणाले, "एकाच झाडाचो, एकाच फांदीवरचो. शेजारचो गोड आणि ह्यो असो. का, ता काचेखाली बघून सांगा." मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला स्वतःलाच इतकी उत्सुकता लागली की मी साक्याचा तुकडा फॉर्मालीनमध्ये टाकला, रीतसर ब्लॉक केला आणि काप काढून रंगवला. नेमका तो काप माझ्या हातून डॉक्टरांच्या ट्रेमध्ये गेला.

आमच्या डॉक्टर म्हणजे लिमये मॅडम. वयाने माझ्याहून लहान, शिक्षणाने कितीतरी मोठ्या. त्यांनी तो काप बराच वेळ बघितला, मग मला हाक मारली.

"जाधवबाई, हा पेशंट झाड आहे का?"

"आंबा आहे, मॅडम."

"मग वाचेल," त्या म्हणाल्या आणि पुढची काच लावली.

त्याच दुपारी चहा पिताना त्यांनी मला आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, साका नेमका का होतो हे मी सांगू शकणार नाही, पण प्रश्न बरोबर आहे. एकाच फांदीवरच्या दोन फळांत जीन तेच असतात. फरक पडतो तो कुठले वाचले गेले आणि कुठले मिटून राहिले यात. माणसाचंही तेच. नाकाच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत एकच ग्रंथ असतो, अगदी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. नाक आपली पानं उघडतं, यकृत आपली. बाकीची पानं बंद ठेवणं हेही कामच आहे, आणि फार मोठं काम आहे. हे बिघडलं की आजार.

मला ते इतकं पटलं की मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मग तुझ्या नाकानं यकृताचं पान उघडलंन असेल." आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या. तेव्हापासून घरात विज्ञान सांगायचं मी बंद केलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडे एक नवी तपासणी सुरू झाली. आधी त्यासाठी ब्लॉक मुंबईला पाठवावे लागत. साध्या रंगात पेशीचा चेहरा दिसतो, पण ती कुठली पानं वाचते आहे ते दिसत नाही. नव्या तपासणीत कापावर असं एक औषध घालायचं की जे ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटतं. ते प्रथिन पेशीत असेल, म्हणजे तो जीन वाचला जात असेल, तर तिथे तपकिरी रंग उमटतो. नसेल तर फिकट निळं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आम्ही बघायचो ते हॉर्मोनचे रिसेप्टर. हॉर्मोन रक्तातून सगळ्या शरीरभर फिरतं, पण ज्या पेशीत रिसेप्टर आहे तिलाच ते ऐकू येतं. मग ते दोघं मिळून जीनवर जाऊन बसतात आणि पेशीला सांगतात, वाढ. निरोगी पेशी थोडं वाढते आणि थांबते. गाठीतली पेशी थांबायचं विसरलेली असते.

गाठीत रिसेप्टर असले तर पेशंटसाठी ती बातमी बरी. कारण त्याच्यावर गोळी आहे. ती रिसेप्टरच्या जागेवर आधीच जाऊन बसते, म्हणजे हॉर्मोनची हाक पोचतच नाही. पुढची काही वर्षं ती घेतली की गाठ उलटण्याची भीती पुष्कळ कमी होते. रिसेप्टर नसले तर ती गोळी निरुपयोगी, मग ती कोणी देत नाही. म्हणजे माझ्या तपकिरी रंगावर एखाद्या बाईची पुढची वर्षं अवलंबून. हे कळल्यावर मला आधी अभिमान वाटला आणि मग धास्ती. त्या काळात मी तपकिरी साडी नेसणं सोडून दिलं होतं. रंग वाया जाऊ नये असं काहीतरी डोक्यात होतं. हसा, पण होतं.

अशात एका सकाळी हर्णेहून काशिनाथ आला.

पन्नाशीकडे झुकलेला, उन्हाने काळा पडलेला माणूस. डोक्यावर थर्माकोलचा खोका, दोरीने बांधलेला. दापोलीहून पहिली एसटी पकडून उभ्याने आला होता. मी त्याला म्हटलं, मासे पुढे नका नेऊ, इथे लॅब आहे. तो म्हणाला, "मासं नाय बाई. आमच्या मंडळींचा तपासायचा हाय."

त्याने खोका उघडला. बारीक फोडलेला बर्फ, वरून जाडं मीठ पेरलेलं, आणि मधोमध प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याच्या बायकोचा काढलेला स्तन, अख्ख्या गाठीसकट.

मी विचारलं, फॉर्मालीन कुठे आहे? बरणी कुठे आहे?

झालं होतं ते असं. सुगंधाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, ऑपरेशन आदल्या दिवशी सकाळी दापोलीच्या एका छोट्या दवाखान्यात झालं. दुपारी त्याच्या हातात बरणी देऊन सांगितलं की रत्नागिरीला पोचवा. तोवर सोयीची गाडी निघून गेली होती. घरी मुलं एकटी, म्हणून तो बरणी घेऊन हर्णेला गेला. संध्याकाळी किनाऱ्यावरचा लिलाव आटोपून घरी आला तर घरभर घाण वास. बरणीचं झाकण सैल होतं. आता, जन्मभर ज्याने नाकाने माल पारखला, त्याला या वासाचा अर्थ एकच लागणार. माल सडला. पाणी नासलं. रत्नागिरीपर्यंत काय टिकणार? त्याने ते "नासकं पाणी" ओतून दिलं, तुकडा गोड्या पाण्याने धुतला, पिशवीत घातला आणि मुंबईला पापलेट पाठवताना करतात तसा बर्फात बसवला. थंडावा वाढावा म्हणून मीठ.

"एकदम फस्क्लास ठेवलाय बाई," तो म्हणाला. "वास घेऊन बगा. कायपन वास नाय."

वास घेऊन बघा, हे तो मला सांगत होता.

मी त्याला खूप बोलले. माझ्या खोलीत बोलायला कधी कोणी नसायचं, त्यामुळे साठलेलं सगळं त्याच्यावर ओतलं. बर्फात मीठ घातलं की गारठा इतका वाढतो की तुकडा गोठतो, गोठला की पेशींच्या आत बर्फाचे कण होतात आणि पेशी फाटतात, फॉर्मालीन म्हणजे घाण नाही, औषध आहे, वगैरे वगैरे. तो खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मंग आता दुसरा कापून आनू काय?"

त्याला खरंच वाटत होतं की दुसरा मिळेल. मग त्याच्याच ध्यानात आलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. तो तुकडा एकुलता एक होता. गाठ पूर्ण निघाली होती, ही चांगली गोष्ट, पण म्हणूनच सुगंधाच्या अंगात तपासायला आता काही उरलं नव्हतं. जे काही कळायचं ते या खोक्यातूनच.

लिमये मॅडम आल्या. त्यांनी पिशवी उघडून पाहिली. एका बाजूने पिशवी फाटून मिठाचं पाणी आत गेलं होतं. त्या म्हणाल्या, "निदान थंड तरी ठेवलाय. उन्हात आणला असता तर संपलंच होतं." तेवढं ऐकून काशिनाथने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याचा रागही आला आणि हसूही आलं. मॅडमनी लगेच त्याचाही समाचार घेतला. ओतून दिलेलं फॉर्मालीन राहिलं असतं तर आज ही वेळ आली नसती, हे त्यांनी त्याला शांतपणे, दोनदा सांगितलं.

तुकडा ताज्या फॉर्मालीनमध्ये गेला, मुरला, आणि मॅडमनी गाठीच्या मधला भाग कापून दिला. ब्लॉक झाला. काप काढताना मला सुरीखालीच कळलं की प्रकरण कठीण आहे. काचेवर घेतला तेव्हा त्याला घावनासारखी जाळी पडली होती. बर्फाच्या कणांची भोकं. कॅन्सर आहे एवढं त्यातूनही कळत होतं. ते दापोलीच्या डॉक्टरांना आधीच माहीत होतं. मी जीव मुठीत धरून रिसेप्टरचा रंग लावला.

काही आलं नाही. सगळं फिकट निळं.

माझ्या डोक्यात रिपोर्ट तयार झाला. रिसेप्टर नाहीत. गोळी नाही. मी तसं मॅडमना म्हणाले. त्या सूक्ष्मदर्शकातून डोकं न उचलता म्हणाल्या, "जाधवबाई, कोपऱ्यातली ही नळी बघितलीत?"

स्तनात दूध वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. कॅन्सर झालेल्या स्तनातही गाठीच्या आजूबाजूला अशा निरोगी नळ्या शिल्लक असतात. त्यांच्यातल्या काही पेशींत हा रिसेप्टर असतोच असतो, कारण महिन्याच्या महिन्याला हॉर्मोनची हाक ऐकणं हे त्यांचं नेहमीचं काम. म्हणून काप वाचताना आधी निरोगी नळी बघायची. ती तपकिरी झाली तरच आपला रंग काम करतोय. या कापात निरोगी नळीही निळीच होती.

"म्हणजे गाठ मुकी आहे की आपण बहिरे, हे मला सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि सांगता येत नसेल तर मी 'नाही' असं लिहिणार नाही. एकदा 'नाही' लिहिलं की तिला गोळीचं कोणी विचारणार नाही."

"मग काय लिहायचं?"

"आत्ता काहीच नाही. बरणीत अजून काय आहे?"

बरणीत पुष्कळ होतं. आम्ही दोघींनी त्या तुकड्याची आपसात वाटणीच केली म्हणा ना. मॅडमचं म्हणणं असं की दापोलीहून हर्णेला जाऊन तो लिलाव उरकेपर्यंत काही तास तरी तुकडा फॉर्मालीनमध्ये होता. तेवढ्या वेळात औषध आत गाभ्यापर्यंत पोचलं नसेल, पण वरच्या थरात नक्की मुरलं असेल. म्हणजे गोठण्याआधीच कडेचा भाग पक्का झालेला असणार. आता शोधायची ती अशी कड की जिथे मीठ लागलेलं नाही, आणि जिथे गाठीचा काठ आणि निरोगी नळ्या शेजारी शेजारी आहेत.

मॅडम कापून देत आणि मी ब्लॉक करत राहिले. फाटक्या पिशवीकडची बाजू गेली होती. तिथल्या पेशी मिठाने सुकटासारख्या आक्रसल्या होत्या. खालच्या अंगाला नळ्या मिळाल्या तर गाठ नव्हती. दुसरीकडे गाठ होती तर नळ्या नव्हत्या. त्या आठवड्यात मी घरी काय स्वयंपाक केला मला आठवत नाही. मिस्टरांना आठवतं. ते म्हणतात, भाजी होती पण तिच्यातून ताट दिसत होतं.

काशिनाथ मधे येऊन गेला. रिपोर्ट झाला नाही म्हटल्यावर निघाला नाही, दाराशी उभा राहिला.

"ती कशी आहे?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला असेन. तुकड्याबद्दल विचारायची सवय; तुकड्याच्या मालकिणीबद्दल नाही.

"जखम बरी हाय," तो म्हणाला. "पन बोलत नाय. लिलावाला अख्ख्या बंदरात तिचा आवाज वरचा, आता घरात आयकू येत नाय. भिंतीकडं तोंड करून निजते. मी काय बोललो तं म्हनते, नासका माल व्हता तो काढून टाकला, आता टोपलीत काय ऱ्हायलाय. टोपलीत एक नासला की आमी अख्खी टोपली बाजूला सारतो, तसं तिनं सोताला सारलंन." मग तो म्हणाला, "आनि मी तं तोबी धड आनला नाय."

मी त्याला धीर द्यायला हवा होता. मला जमतो तो धीर मेणाच्या वड्यांना. मी म्हटलं, "वरच्या अंगाचा ब्लॉक अजून कापायचाय." त्याला यातलं काहीही कळलं नसणार, पण तो मान डोलावून गेला.

तो ब्लॉक काखेकडच्या कडेचा होता, कातडीजवळचा. मी काप पाण्यावर सोडला. जाळी पडली नाही. सुरकुती नाही, भोक नाही, सलग उमलला. मी त्या कापाकडे असं बघत राहिले की हात जरा जास्त वेळ पाण्यावर थांबला आणि तो काप विरून गेला. दुसरा काढला. यावेळी बघत बसले नाही.

रंग चढवला आणि डॉक्टरांच्या आधी मीच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हे माझं काम नव्हे. पण मॅडम जेवायला गेल्या होत्या आणि मला धीर निघाला नाही. आधी नळ्या शोधल्या. एका रांगेत तीन-चार निरोगी नळ्या, वर्तुळं अगदी रेखीव, आणि त्यांच्या पेशींत मधून मधून तपकिरी ठिपके. कुठे आहे, कुठे नाही, जसं निरोगी पेशींत असतं तसं. म्हणजे रंग खरा बोलत होता. मग काच सरकवली. शेजारी गाठीचा काठ होता, आणि तो कडेपासून कडेपर्यंत तपकिरी होता. पेशीन् पेशी.

मॅडम परत आल्या तेव्हा मी माझ्या खोलीत नळाखाली स्वच्छ काचा पुन्हा धूत होते. त्यांनी बघितलं, बऱ्याच वेळाने मला बोलावलं आणि म्हणाल्या, "चहा सांगा. दोन. चांगला सांगा."

सुगंधाची गोळी सुरू झाली. गोळीआधीचे बाकीचे उपचार डॉक्टरांनी ठरवले तसे झाले. ते सोपे नव्हते, पण ते मला काशिनाथकडून ऐकून माहीत. तो रत्नागिरीला आला की खोका घेऊन यायचा, आता खरोखरचे मासे घातलेला, आणि प्रत्येक वेळी दारातच सांगायचा, "मासं हायत बाई, घाबरू नका."

माझ्या निवृत्तीच्या सुमाराला एकदा तो सुगंधालाही घेऊन आला. मी मायक्रोटोम पुसत होते. दारात एक उंच बाई उभी, हातात निळी पिशवी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. केस नुकते वाढायला लागलेले, पोरासारखे. काशिनाथ म्हणाला, "ह्याच त्या बाई, ज्यांनी तुझं कापलंन."

ज्या काचेसाठी मी इतकी झगडले तिचं माणूस आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासमोर उभं राहिलं होतं. माझी अवस्था विचारू नका. तब्येत कशी आहे, गोळी वेळेवर घेता का, असं काहीतरी शहाण्या माणसासारखं बोलावं की नाही? माझ्या तोंडून निघालं, "तुमच्या नळ्या फार सुंदर होत्या हो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. काशिनाथ जमिनीकडे बघायला लागला. आता बोलून बसले होते, तेव्हा सावरणं भाग होतं. मी तिला स्टुलावर बसवलं आणि सांगायला लागले. रिसेप्टर, हॉर्मोन, जीन, ग्रंथ, पानं. तिला पानांत काही रस वाटेना. मग मी विचारलं, लिलावात तुम्ही काय घेता?

"म्हाकूल आनि कोळंबी. बाकीचं नाय."

"मग बांगड्याची बोली चालू असते तेव्हा?"

"ओरडू देत. आपलं काय त्यात? आयकू येतं पन कान देत नाय. कोळंबीचं नाव घेतलंन की मी पुढं."

"तुमच्या शरीरात असंच आहे. हाक सगळ्यांच्या कानावर जाते, पण ज्या पेशीचा तो माल आहे तीच पुढे येते. चांगली पेशी घेते तेवढं घेते आणि मागे सरते. तुमच्या गाठीतली पेशी मागे सरेना. येईल त्या बोलीला हात वर. आता गोळी काय करते, तर तिच्या जागेवर आधीच जाऊन बसते. हाक होते, पण घ्यायला कोणी नाही."

ती विचार करत म्हणाली, "म्हंजे रोज माझ्या जागी कोनतरी बसवून ठेवायचा."

"हो. एक दिवससुद्धा जागा रिकामी सोडायची नाही."

"नाय सोडत," ती म्हणाली. तिचा आवाज खरंच मोठा होता. पुढच्या खिडकीवरची माणसं वळून बघायला लागली. "पन नळ्यांचं काय म्हनालात?"

मी सांगितलं. आधीच्या कापात सगळं निळं आलं होतं ते, मॅडमनी लिहायचं नाकारलं ते, आणि मग काखेकडच्या कडेला त्या नळ्या सापडल्या ते. "त्या नळ्या चांगल्या होत्या, निरोगी. त्यांनी रंग घेतला, म्हणून गाठीच्या रंगावर विश्वास ठेवता आला. त्या नसत्या तर तुम्हाला गोळी मिळाली असती की नाही, सांगता येत नाही."

"चांगल्या म्हंजे? त्याच्यातल्याच? कापून काढलेल्यातल्या?"

"त्यातल्याच."

"कुठं व्हत्या?"

मी माझ्याच अंगावर जागा दाखवली. वरच्या बाजूला, काखेच्या खाली. तिचा हात पदराखालून तिथेच गेला, जिथे आता काही नव्हतं, आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"ह्या बाजूला पोरं जास्त प्यायची," ती म्हणाली. "धाकटा तं दुसऱ्या बाजूला तोंडच लावायचा नाय."

मी मायक्रोटोमचं झाकण उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

ती उठली, निळी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत सुरमईच्या तुकड्या होत्या. आजची हाय, वास घेऊन बगा, असं म्हणाली, आणि मी पिशवीत नाक घालून भरपूर वास घेतला आणि म्हटलं, हो, अगदी ताजी. मग ती दारापर्यंत गेली. काशिनाथ रिकामा खोका काखोटीला मारून तिची वाट बघत उभा होता, अजून जमिनीकडेच बघत. तिने त्याच्याकडून खोका घेतला.

"आयकलंत काय?" ती त्याला म्हणाली. "सगळाच नासला नव्हता."